मोजणे, मापणे, तोलणे

प्रास्ताविक

रोजच्या व्यवहारात आपण तीन कामे सतत करीत असतो. नारळ मोजतो, दूध मापतो आणि साखर तोलतो. नारळ मोठा असतो व थोडा असतो, म्हणून तो एकेक करून मोजता येतो. साखरेचे कण मात्र कोणी मोजीत बसत नाही. तराजू आपले काम भागवतो. परंतु ज्या वस्तू डोळ्यांना दिसत नाहीत, चिमटीत सापडत नाहीत आणि ज्यांची संख्या कल्पनेत मावत नाही, त्या मोजण्याची वेळ आली तर काय करावे? वायूचे रेणू अशाच वस्तू आहेत. ते मोजण्याची युक्ती माणसाने कशी शोधली आणि ती युक्ती एखाद्या कठीण रात्री घराला कशी उपयोगी पडते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मोजणे, मापणे व तोलणे या क्रियांमधील फरक आणि संबंध सांगू शकाल;
• 'मोल' ही संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करू शकाल;
• दाब, आकारमान व तापमान यांवरून वायूतील रेणूंची संख्या काढू शकाल;
• वैज्ञानिक माहिती क्रमाने व नेमक्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. रात्रीचे नऊ

बेंगळुरूच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. होसूर-सर्जापूर रोड या नावातील आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे येथे राहतात. अशाच एका घराची कल्पना करा.

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा आहे. करोनाची दुसरी लाट ऐन भरात आहे. रुग्णालयांत खाटा मिळत नाहीत. सांगलीहून मुलाकडे आलेले आईवडील येथेच अडकले आहेत. वडिलांना घरीच प्राणवायू लावलेला आहे. डॉक्टरांनी मिनिटाला ५ लिटर प्राणवायू द्यावयास सांगितले आहे. पलंगाशेजारी लहान सिलिंडर उभा आहे. त्यावर '१० लिटर' असे लिहिलेले आहे. आई शाळेत विज्ञान शिकवीत असे. आता ती निवृत्त झाली आहे. मुलगा दाबमापकाच्या काट्यावर नजर खिळवून बसला आहे.

"आई, काटा शंभरावर आला. सुरुवातीला दीडशेवर होता. आता हा किती वेळ पुरेल?"

"तूच सांग बरं."

"सिलिंडर दहा लिटरचा, मिनिटाला पाच लिटर जातात. म्हणजे दोनच मिनिटे? पण हा तर केव्हापासून चालू आहे. आणणारा माणूस म्हणाला होता, भरलेल्या सिलिंडरमध्ये पंधराशे लिटर असतात. दहा खरे की पंधराशे?"

"दोन्ही खरे आहेत, अरे. लिटर म्हणजे जागा. त्या जागेत रेणू किती कोंबलेत, ते लिटर सांगत नाही. ह्यांना लिटर नकोत, रेणू हवेत. ते मोज."

"रेणू? ते कसे मोजणार?"

मुलाचा प्रश्न रास्त होता. नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पडला होता. त्याचे उत्तर समजले म्हणजे त्या रात्रीचे उत्तरही मिळते. म्हणून आपण थोडा वेळ ती खोली सोडून मागे जाऊ.

२. तोलून मोजण्याची युक्ती

लोखंडी सामानाच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल. एखाद्या सुताराने एकाच आकाराचे अडीच हजार स्क्रू मागितले, तर दुकानदार ते हाताने मोजीत नाही. समजा, शंभर स्क्रूंचे वजन दोनशे ग्रॅम भरते, हे त्याला ठाऊक आहे. मग तो पाच किलो स्क्रू तोलून देतो. काम तराजूचे झाले, पण उत्तर मोजणीचे मिळाले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे. यासाठी दोन गोष्टी मात्र आवश्यक आहेत. सर्व स्क्रू सारखे असले पाहिजेत आणि ठरावीक संख्येच्या स्क्रूंचे वजन आधी माहीत असले पाहिजे.

एकाच पदार्थाचे रेणू साधारणपणे सारख्याच वजनाचे धरता येतात. म्हणून पहिली अट पूर्ण होते. दुसऱ्या अटीसाठी ठरावीक संख्येचा एक गठ्ठा हवा. फळांसाठी आपण डझन वापरतो, कागदासाठी दस्ता व रीम वापरतो. डझनात बारा, दस्त्यात चोवीस आणि रिमेत पाचशे. रेणू फारच सूक्ष्म, म्हणून त्यांचा गठ्ठाही तितकाच प्रचंड असावा लागतो. या गठ्ठ्याला 'मोल' असे म्हणतात.

एका मोलमध्ये ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण असतात. या संख्येला अॅव्होगाड्रो अंक म्हणतात. सहावर तेवीस शून्ये मांडली, म्हणजे या संख्येचा अंदाज येतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती' या ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. इतके मोठे नावही येथे अपुरे पडते. कारण एक मोल म्हणजे साठ लाख बावीस हजार परार्ध!

जगाची आजची लोकसंख्या सुमारे आठशे कोटी आहे. या सर्वांनी न झोपता, न थांबता सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला सुरुवात केली, तरी एक मोल मोजून होण्यास सुमारे चोवीस लाख वर्षे लागतील. असे असूनही एक मोल पाणी म्हणजे केवळ अठरा ग्रॅम, एखाद-दुसरा घोट. रेणू किती लहान असतात, ते यावरून ध्यानात येईल.

मोलची सोय अशी की, पदार्थाचे रेणुवस्तुमान जितके, तितके ग्रॅम घेतले म्हणजे त्याचा एक मोल होतो. प्राणवायूचा रेणू दोन अणूंचा बनलेला असतो व त्याचे रेणुवस्तुमान ३२ आहे. म्हणून ३२ ग्रॅम प्राणवायू म्हणजे एक मोल. नत्रवायूचा मोल २८ ग्रॅमचा, तर हायड्रोजनचा अवघ्या २ ग्रॅमचा. वजने वेगळी असली, तरी प्रत्येकातील रेणूंची संख्या तीच असते. एक डझन लिंबे व एक डझन नारळ यांचे वजन वेगळे असते, पण डझन तो डझनच.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. दुकानदाराने स्क्रू तोलले, परंतु उत्तर ______ मिळाले. (मापाचे / मोजणीचे)
२. एक मोल नत्रवायू व एक मोल हायड्रोजन यांतील ______ समान असते. (वजन / रेणूंची संख्या)
(आ) ६४ ग्रॅम प्राणवायूमध्ये किती मोल व किती रेणू असतील?

३. मापून मोजण्याची युक्ती

घन पदार्थ तोलणे सोपे असते. वायू तोलणे त्यामानाने अवघड. पण वायूच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला एक सवलत दिली आहे. ती ओळखण्याचा मान इटलीतील तुरीन येथील आमेदेओ अॅव्होगाड्रो यांच्याकडे जातो. त्यांचे शिक्षण कायद्याचे झाले होते. पुढे ते विज्ञानाकडे वळले. १८११ साली त्यांनी असे मांडले की, तापमान व दाब समान असताना समान आकारमानाच्या कोणत्याही वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते.

हे विधान पुन्हा एकदा सावकाश वाचा. एक लिटर लिंबांत आणि एक लिटर मोहरीत दाण्यांची संख्या समान असते, असे कोणी म्हटले तर आपण हसू. वायूंच्या बाबतीत मात्र ते खरे ठरते. कारण वायूत रेणूंनी स्वतः व्यापलेली जागा नगण्य असते. बहुतेक सगळी जागा त्यांच्यामधील पोकळीची असते. म्हणून रेणू लहान की मोठा, हलका की जड, याने फारसा फरक पडत नाही.

अॅव्होगाड्रो यांच्या या विचाराकडे जवळजवळ अर्धशतक कोणी विशेष लक्ष दिले नाही. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे इटलीचेच स्तानिस्लाओ कान्निझ्झारो यांनी या विचाराचे महत्त्व पटवून दिले. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी हवेतील रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला आणि त्यातून रेणूंच्या संख्येकडे जाणारी वाट मोकळी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे झाँ पेरँ यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे निरीक्षण करून ही संख्या प्रयोगाने निश्चित केली व तिला अॅव्होगाड्रो यांचे नाव दिले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून करीत असत. २० मे २०१९ पासून ही संख्याच जगभर कायमची निश्चित करण्यात आली आहे.

आता वायू मापून त्यातील रेणू कसे मोजतात ते पाहू. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आकारमान, दाब आणि तापमान. त्यांचा मोलसंख्येशी असलेला संबंध असा आहे –

दाब × आकारमान = मोलसंख्या × वायुस्थिरांक × निरपेक्ष तापमान

दाब 'वातावरण' या एककात व आकारमान लिटरमध्ये घेतले, तर वायुस्थिरांक ०.०८२१ असतो. समुद्रसपाटीवरील हवेचा सर्वसाधारण दाब म्हणजे एक वातावरण. निरपेक्ष तापमान केल्विनमध्ये मोजतात. सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की ते मिळते. म्हणून २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. या तापमानाला, एक वातावरण दाबाखाली, एक मोल वायू सुमारे २४.६ लिटर जागा व्यापतो. मग तो कोणताही वायू असो.

४. मुंबईचा लिटर व बेंगळुरूचा लिटर

वरील सूत्रात एक इशारा दडलेला आहे. दाब बदलला की, त्याच लिटरमध्ये मावणारे रेणूही बदलतात. मुंबई समुद्रकाठी आहे. तेथे हवेचा दाब एक वातावरणाच्या आसपास असतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब सुमारे ०.९ वातावरण भरतो. तापमान दोन्हीकडे २७ अंश धरून एक लिटर हवेतील रेणू मोजू.

मुंबई: १ × १ ÷ (०.०८२१ × ३००) = ०.०४०६ मोल, म्हणजे सुमारे २ लाख ४५ हजार परार्ध रेणू.
एचएसआर लेआउट: ०.९ × १ ÷ (०.०८२१ × ३००) = ०.०३६५ मोल, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार परार्ध रेणू.

बाटली तीच, लिटर तोच. पण रेणू दहात एकाने कमी. मुंबईहून बेंगळुरूला गेलेल्या माणसाच्या प्रत्येक श्वासात प्राणवायूचे रेणूही त्याच प्रमाणात कमी जातात. निरोगी शरीराला एवढा फरक जाणवतही नाही. मात्र सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो. तेथे उतरलेल्या प्रवाशाला दम लागतो, डोके दुखते. छाती तेवढाच लिटर हवा आत घेते. परंतु त्या लिटरमध्ये रेणू कमी असतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. वायूचे आकारमान दाबाप्रमाणे व तापमानाप्रमाणे बदलते. रेणूंची संख्या आपोआप बदलत नाही. म्हणून वायूचा खरा हिशेब ठेवायचा असेल, तर तो मोलमध्ये ठेवावा.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते सांगा.
१. समान तापमान व दाब असताना एक लिटर प्राणवायूत एक लिटर हायड्रोजनपेक्षा जास्त रेणू असतात.
२. दाब वाढला, तर तापमान तेच असताना एक लिटर जागेत अधिक रेणू मावतात.
(आ) लेह येथे प्रवाशाला दम का लागतो? दोन वाक्यांत लिहा.

५. पुन्हा त्या खोलीत

आता आपण रात्री नऊ वाजता सोडलेल्या खोलीत परत जाऊ. मुलाच्या हाती आता सूत्र आहे. सिलिंडरचे आकारमान १० लिटर आहे. काटा १०० दाखवतो आहे. या दाबमापकावर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक आहे. ते एक वातावरणाच्या अगदी जवळ असल्याने दाब १०० वातावरण धरण्यास हरकत नाही. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस आहे.

सिलिंडरमधील प्राणवायू = (१०० × १०) ÷ (०.०८२१ × ३००) = १००० ÷ २४.६३ = सुमारे ४०.६ मोल.

म्हणजे त्या लहानशा सिलिंडरमध्ये अजून सुमारे साडेचोवीस कोटी परार्ध रेणू शिल्लक आहेत. इतक्या उच्च दाबाखाली हे सूत्र काटेकोर राहत नाही, थोडी तफावत पडते. परंतु घरगुती अंदाजासाठी ते पुरेसे आहे.

आता खर्च पाहू. मिनिटाला ५ लिटर बाहेर पडतात. हे लिटर बाहेरच्या साध्या दाबाचे, म्हणजे सुमारे एक वातावरणाचे आहेत.

दर मिनिटाचा खर्च = (१ × ५) ÷ (०.०८२१ × ३००) = सुमारे ०.२०३ मोल.

शिल्लक भागिले खर्च, म्हणजे ४०.६ ÷ ०.२०३ = २०० मिनिटे. तीन तास वीस मिनिटे.

"म्हणजे बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत जाईल," मुलगा म्हणाला. "दुकान सकाळी उघडते."

"काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचे नसते," आई म्हणाली. "वीस शिल्लक ठेव. आता पुन्हा कर."

मुलाने पुन्हा केले. ८० वातावरणांचे ३२.५ मोल, १६० मिनिटे. वीस मिनिटे कमी बारापर्यंतच हा सिलिंडर भरवशाचा होता. सकाळपर्यंत थांबणे म्हणजे संकट ओढवून घेणे. त्याने लगेच ओळखीच्या माणसांना फोन लावण्यास सुरुवात केली. अकराच्या सुमारास दुसरा सिलिंडर दारात आला. आईने तो जोडून घेतला, प्रवाह पूर्वीइतकाच पाचवर ठेवला आणि कागदावर नवी वेळ लिहून तो भिंतीला लावला. प्रवाह किती असावा हे डॉक्टर ठरवतात. घरच्या माणसांनी हिशेब ठेवायचा, प्रवाह बदलायचा नाही, हे ती जाणून होती.

तुमच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. शेवटच्या भागाकारात अॅव्होगाड्रो अंक वापरावा लागला नाही. शिल्लक आणि खर्च दोन्ही मोलमध्ये असल्याने तो दोन्हीकडे सारखाच होता व भागाकारात निघून गेला. डझनांत आणलेली केळी डझनांतच वाटली, तर बाराने गुणण्याची गरज नसते, तसेच हे. मुलाच्या मनातील कोडेही सुटले. दहा लिटर हे सिलिंडरच्या आतील जागेचे माप होते. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे वातावरण दाबाखाली कोंबलेले तेच रेणू बाहेरच्या मोकळ्या हवेत पंधराशे लिटर जागा व्यापणार होते. माप बदलले, रेणूंची संख्या तीच राहिली.

हा हिशेब तोलूनही पडताळता येतो. काटा दीडशेवरून शंभरावर आला, म्हणजे सुमारे २०.३ मोल प्राणवायू खर्च झाला. प्रत्येक मोल ३२ ग्रॅमचा. म्हणून सिलिंडर सुमारे ६५० ग्रॅमने हलका व्हावयास हवा. सिलिंडरचे रिकामे वजन त्याच्या धातूवर कोरलेले असते.

६. हिशेबाची जबाबदारी

एका घरात जो हिशेब एका सिलिंडरचा असतो, तोच रुग्णालयात शेकडो रुग्णांचा असतो. मोठ्या रुग्णालयांत प्राणवायू द्रवरूपात टाकीत साठवतात. एक लिटर द्रव प्राणवायूचे वस्तुमान सुमारे १,१४० ग्रॅम असते. म्हणजे तो सुमारे ३५.६ मोल झाला. वायुरूप झाल्यावर २७ अंशांना तो सुमारे पावणेनऊशे लिटर जागा व्यापतो. थोड्या जागेत अगणित रेणू साठवण्याची ही सोय आहे. पण गळती लागली, तर तेवढ्याच वेगाने साठा घटतो.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. रुग्णांपर्यंत पोहोचणाऱ्या वायूचा दाब घटला आणि किमान २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. ज्यांच्या घरची माणसे त्या दिवशी गेली, त्यांना दाब कमी होणे म्हणजे काय हे कोणत्याही पुस्तकाशिवाय समजले. दाबमापकाचा काटा खाली येतो, तेव्हा साठ्यातील रेणू कमी होत असतात. काटा वाचणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

रेणू कोणीही एकेक करून मोजलेले नाहीत. तराजू, लिटरचे माप, दाबमापक व तापमापक एवढी साधने आणि एक नियम यांच्या साहाय्याने माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचला. न दिसणाऱ्या गोष्टीचाही चोख हिशेब ठेवता येतो, एवढे धैर्य हा नियम आपल्याला देतो. भिंतीला लावलेल्या त्या कागदावर आईने फक्त एक वेळ लिहिली होती. त्या वेळेमागे अॅव्होगाड्रो होते, पेरँ होते आणि एका शिक्षिकेने आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले एक सूत्र होते.

शब्दार्थ

रास्त – योग्य, न्याय्य
नगण्य – मोजण्यात न धरण्याइतके क्षुल्लक
परार्ध – एकावर सतरा शून्ये असलेली संख्या
तफावत – फरक
पडताळणे – खरेखोटे तपासून पाहणे
चोख – बिनचूक

भाषाभ्यास

मोजणे, मापणे व तोलणे ही क्रियापदे मराठीत केवळ बाजारात राहिलेली नाहीत. 'तो मोजके बोलतो' म्हणजे गरजेपुरते बोलतो. 'मोजूनमापून खर्च करणे' म्हणजे काटकसरीने खर्च करणे. 'शब्द तोलून वापरणे' म्हणजे परिणामाचा विचार करून बोलणे. 'दिवस मोजणे' म्हणजे अधीरतेने वाट पाहणे. यांपैकी कोणत्याही दोन शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• ठरावीक संख्येचे वजन माहीत असेल, तर तोलून मोजता येते.
• एक मोल म्हणजे ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण.
• समान तापमान व दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते.
• वायूचे आकारमान परिस्थितीनुसार बदलते. म्हणून वायूचा हिशेब मोलमध्ये ठेवणे सुरक्षित असते.

पाठांत प्रश्न

१. 'दहा खरे की पंधराशे?' या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. आईने दाब शून्यावर येईपर्यंत थांबू दिले नाही. याविषयी तुमचे मत कारणासह लिहा.
३. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम वायू असतो. तो पूर्णपणे ब्युटेन आहे असे धरून (रेणुवस्तुमान ५८) त्यातील मोलसंख्या काढा. हा सर्व वायू २७ अंश सेल्सिअस व एक वातावरण दाब असताना किती लिटर जागा व्यापेल?
४. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान २९ आहे. समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे लक्षात घेऊन गळती झालेला घरगुती गॅस जमिनीलगत का साचतो ते सांगा.
५. तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी तोलून मोजल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १: (अ) १. मोजणीचे, २. रेणूंची संख्या. (आ) २ मोल, १२.०४४ × १० चा २३ वा घात रेणू.
पाठगत प्रश्न २: (अ) १. चूक, २. बरोबर. (आ) लेह येथे हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूचे रेणू कमी जातात.
पाठांत प्रश्न ३: सुमारे २४५ मोल, सुमारे ६,०३० लिटर.
पाठांत प्रश्न ४: संख्या समान असली, तरी ब्युटेनचा प्रत्येक रेणू हवेच्या सरासरी रेणूच्या दुप्पट जड असतो. म्हणून तेवढ्याच आकारमानाचा हा वायू हवेपेक्षा जड भरतो आणि खाली साचतो. गळतीची शंका येताच शेगडी न पेटवता व विजेच्या बटणांना हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात, याचे एक कारण हेच आहे.